जावा पाकट: एका नमुन्याच्या आधारे एखादी जात ‘नामशेष’ कशी ठरवतात?

रेवा:

नमस्कार. डिसेंबर २०२३ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातील जातींच्या यादीत, जावा पाकट (पाकट म्हणजे शेपटीवर काटा असलेला चपटा मासा), शास्त्रीय नाव युरोलोफस जावानिकस, ‘नामशेष’ म्हणून नोंदवले गेले. त्याआधी ते ‘अतिसंकटग्रस्त, बहुधा नामशेष’ असे नोंदलेले होते. माणसामुळे नामशेष झालेला पहिला सागरी मासा असे त्याच्याविषयी सांगितले जाते. ते वाचून मला मनापासून वाईट वाटले. पण त्यामागची माहिती शोधू लागले तेव्हा एका ठिकाणी अडखळले, म्हणून हा प्रश्न मांडते आहे.

या जातीचा आजवर एकच नमुना अभ्यासकांच्या हाती आलेला आहे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एडुआर्ड फोन मार्टेन्स यांनी जुलै १८६२ मध्ये बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, मासळीबाजारात तो विकत घेतला आणि १८६४ मध्ये नवी जात म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. शेपटीच्या टोकापर्यंत मोजली तर ३३ सेंटीमीटर भरणारी ती एक मादी होती. तिचे अंग लांबट वाटोळे, पाठ तपकिरी आणि पाठीवर गडद व फिकट ठिपके होते. बर्लिनच्या संग्रहालयात ती आहे. ती किती खोलीवरून आली, वाळूवर राहणारी होती की चिखलात, तिच्या जातीची किती पाकटे तेव्हा त्या समुद्रात होती, यांपैकी काहीही ठाऊक नाही.

मग माझ्या मनात दोन शंका येतात. पहिली अशी की, जिचा वावर कुठे कुठे होता हेच माहीत नाही, ती जात ‘आता कुठेही नाही’ असे ठामपणे कसे म्हणता येते? दुसरी शंका कारणाविषयी आहे. मुळात किती होती आणि किती उरली याचे आकडे नसताना मासेमारीला जबाबदार कसे धरले जाते? जाणकारांनी थोडे विस्ताराने लिहिले तर बरे होईल.

खोलपाणी:

रेवाताई, आपली शंका रास्त आहे आणि ती अभ्यासकांनाही पडलेली होती. म्हणूनच ही जात बराच काळ ‘बहुधा नामशेष’ या उंबरठ्यावर ठेवलेली होती.

लाल यादीत ‘नामशेष’ हा शब्द वापरण्याची अट अशी आहे की, त्या जातीचा शेवटचा जीव मेला आहे याविषयी वाजवी शंका उरलेली नसावी, आणि तिच्या ज्ञात तसेच संभाव्य अधिवासात योग्य काळी, पुरेशा चिकाटीने शोध घेऊनही ती सापडलेली नसावी. या व्याख्येत नमुन्यांची संख्या कुठेही येत नाही, तर शोधाची व्याप्ती येते. एकच नमुना असलेली जात जर कोणी कधी न धुंडाळलेल्या पाण्यातली असेल, तर तिच्याविषयी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. तीच जात जर अशा पाण्यातली असेल की जिथला चप्पा चप्पा रोज जाळ्याखालून जातो आणि जिथली मासळी काठावर अभ्यासक बसून तपासतात, तर तिचे न दिसणे हा मोठा पुरावा ठरतो.

याचे उत्तम उदाहरण याच कुळात मिळते. युरोलोफस कैआनस नावाचे एक पाकट आहे. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजाच्या मोहिमेत (१८७२ ते १८७६) काई बेटांजवळ २३६ मीटर खोलीवर त्याची दोन पिल्ले मिळाली, आणि त्या दोन नमुन्यांपलीकडे त्याच्याविषयी फारसे काही हाती नाही. म्हणजे पुराव्याच्या संख्येत त्याची आणि जावा पाकटाची स्थिती जवळजवळ सारखी आहे. तरीही त्याला कोणी नामशेष म्हणत नाही, कारण तेवढ्या खोल उतारांवर शोध असा झालेलाच नाही.

आता जावाकडे पाहा. जावा समुद्र हा सुंदा या बुडालेल्या खंडमंचावर (खंडाच्या पाण्याखाली गेलेल्या कडेवर) पसरलेला उथळ समुद्र आहे. त्याची सरासरी खोली पन्नास मीटरांहूनही कमी भरते. तळाशी राहणाऱ्या माशाला जाळ्यापासून लपायला तिथे फारशी खोल जागाच नाही. त्यात शार्क आणि पाकटांच्या एकूण पकडीत इंडोनेशिया जगात पहिल्या क्रमांकावर आहे. जकार्तातील मुआरा आंगके आणि मुआरा बारू, जावाच्या दक्षिण किनाऱ्यावरील पलाबुहानरातू आणि चिलाचाप, बालीतील कदोंगानान, लोंबोकमधील तांजुंग लुआर अशा बंदरांवर २००१ पासून इंडोनेशियन आणि ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी उतरवली जाणारी शार्क आणि पाकटे वारंवार पाहिली, मोजली आणि त्यांच्या जाती ओळखल्या. या कामातून अनेक जातींची नव्याने ओळख पटली. अनोळखी पाकट पुढे आले असते तर ते नजरेतून सुटले नसते, कारण अनोळखी पाकट शोधणे हेच त्या माणसांचे काम होते. एवढ्या काळात या जातीचे एकही पाकट त्यांना मिळाले नाही.

याशिवाय अंदाज बांधण्याची एक पद्धत आहे. आययूसीएनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार नामशेष होण्याची शक्यता दोन बाजूंनी काढली जाते. एका बाजूला जातीवरील संकटे किती तीव्र, किती सर्वदूर आणि किती दीर्घकाळची होती हे पाहतात. दुसऱ्या बाजूला शेवटची खात्रीची नोंद कधीची, त्यानंतर किती शोध झाले आणि जात असती तर त्या शोधांत ती सापडण्याची शक्यता किती होती हे पाहतात. दोन्ही बाजूंनी उत्तर ०.९ च्या वर आले तर ‘नामशेष’ म्हणता येते. त्याच्या खाली पण ०.५ च्या वर राहिले तर ‘बहुधा नामशेष’. ऑस्ट्रेलियातील चार्ल्स डार्विन विद्यापीठाच्या ज्युलिया कॉन्स्टन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने फेरमूल्यांकन केले आणि त्यावरून २०२३ चा निर्णय झाला.

माझे मत विचाराल तर ही जात बहुतेक आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातच संपली असावी. २०२३ मध्ये फक्त तिचे नाव वहीतून एका पानावरून दुसऱ्या पानावर गेले.

दीपस्तंभ:

खोलपाणी यांचे विवेचन मला बरेचसे पटते, तरी मी त्यांच्याइतका निश्चिंत नाही. दोन गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट बाजाराची. मार्टेन्स यांनी हा मासा स्वतः समुद्रातून काढलेला नाही, तो बाजारातून घेतला आहे. बाजारातल्या माशाचा ठावठिकाणा विक्रेता सांगेल तेवढाच. यात भर म्हणून एक नाव घेतो. पीटर ब्लीकर हे डच लष्करी डॉक्टर १८४२ ते १८६० या काळात इंडोनेशियात होते आणि बटाव्हियाच्या मासळीबाजारातून त्यांनी वर्षानुवर्षे मासे गोळा केले. माशांच्या शेकडो नव्या जाती त्यांनी वर्णिल्या. त्या काळी आशियातील माशांवर त्यांच्याइतकी बारीक नजर क्वचितच कोणाची असेल. त्याच शहरातल्या बाजारात ब्लीकर यांना जे पाकट नवी जात म्हणून नोंदवता आले नाही, ते त्यांच्या जाण्यानंतर दोन वर्षांत मार्टेन्स यांना मिळाले. याचा अर्थ एक तर ही जात तेव्हाही अत्यंत विरळ होती, किंवा ती जकार्ताच्या उपसागराची रहिवासी नव्हतीच आणि तो एक मासा कुठून तरी लांबून आला होता. दुसरी शक्यता खरी असेल तर आपण चुकीच्या अंगणात शोध घेतो आहोत.

दुसरी गोष्ट एका जुन्या चुकीची. टास्मानियातील स्मूथ हँडफिश हा मासाही एकाच नमुन्यावरून ओळखला जातो. तो एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला गोळा केलेला होता. २०२० मध्ये तो ‘नामशेष’ जाहीर झाला, जगभर बातम्या आल्या, ‘आधुनिक काळात नामशेष झालेला पहिला सागरी मासा’ हेच शब्द तेव्हाही वापरले गेले, आणि पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, त्याची नोंद बदलून ‘अपुरी माहिती’ अशी करावी लागली. एकदा असे घडल्यावर दुसऱ्यांदा अधिक सावधपणा हवा होता असे मला वाटते.

नोंदीला केवळ शास्त्रीय अर्थ नसतो, तिचे व्यवहारात परिणाम होतात, म्हणून मी हे आग्रहाने लिहितो आहे. ‘नामशेष’ म्हटल्यावर शोधासाठी पैसे मिळणे थांबते आणि उरल्यासुरल्या चार पाकटांसाठी कोणीही नियम करत नाही. ‘बहुधा नामशेष’ या शब्दांत दार किंचित उघडे राहते. मी ते उघडे ठेवले असते.

भरती-ओहोटी:

दीपस्तंभ यांनी मांडलेल्या पहिल्या मुद्द्याला एक जोड देतो आणि मग रेवाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याला अजून कोणी हात घातलेला नाही.

१८६२ मध्ये मासळी शिडाच्या होड्यांतून बंदरात येत होती. पाकटाचे मांस लवकर उतरते. त्यामुळे संग्रहासाठी घेण्यायोग्य अवस्थेतला मासा फार लांबून आला असण्याचा संभव मला कमी वाटतो. ब्लीकर यांचा दाखला मात्र मोलाचा आहे आणि त्यातून मी उलट दिशेचा निष्कर्ष काढतो. एखादी जात जर मुळातच थोडक्या जागेत, थोड्या संख्येने राहणारी असेल, तर तिला संपवायला आजच्यासारखे अवाढव्य जहाज लागत नाही. किनाऱ्यालगतची साधी जाळी पुरतात. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरील मासळी कमी होत चालल्याच्या नोंदी १८७० च्या दशकापासूनच आहेत, म्हणजे यांत्रिक ट्रॉल (बोटीने तळावरून ओढले जाणारे मोठे जाळे) येण्याच्या कितीतरी आधीपासून.

आता कारणाचे. या कुळातल्या पाकटांचे जननच असे आहे की त्यांना जास्तीची पकड सोसत नाही. ही पाकटे अंडी घालत नाहीत. पिल्ले मादीच्या गर्भाशयात वाढतात आणि आधी बलकावर, मग मादीने आत स्रवलेल्या दुधासारख्या पोषक द्रवावर जगतात. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील त्यांच्या नातलगांचा जो अभ्यास झाला आहे त्यावरून एका वेळची पिल्ले थोडकीच असतात, बहुधा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि काही जातींत गर्भ वर्षभराच्या आसपास पोटात राहतो. लाखो अंडी सोडणाऱ्या माशाची एक वीण वाया गेली तर पुढच्या वर्षी भरून निघू शकते. इथे तसे होत नाही.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण मला ते उमगले डेकवर. विद्यार्थी असताना काही महिने ट्रॉलरवर मासळी वेगळी करण्याचे काम केले. जाळे रिकामे झाले की समोर ढीग पडे आणि त्यात कोळंबी, खेकडे, लहानसहान मासे यांच्या खाली कुठेतरी ताटलीएवढी पाकटे दबलेली असत. एकदा असेच एक पाकट मी दोन्ही हातांनी कडेने उचलले, तर माझ्या हातातच त्याने दोन पिल्ले टाकली. रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, पातळ, जवळजवळ आरपार दिसणारी, आणि पोटाला बलकाची पिवळी पिशवी अजून तशीच. जगण्याच्या अवस्थेला ती पोहोचलीच नव्हती. मी मादीला पाण्यात सोडले आणि ती पोहत गेलीही. वहीत मी ‘जिवंत सोडले’ असे लिहिले, आणि ते लिहिताना फार अस्वस्थ झालो, कारण ती मादी त्या वर्षापुरती निष्फळ झाली होती आणि त्या रकान्यात ते कुठेच उमटत नव्हते. पकडीच्या धक्क्याने पिल्ले टाकणे हे शार्क आणि पाकटांच्या अनेक जातींत आढळते. म्हणून ‘नको असलेली पाकटे परत सोडतात, त्यांचे काय बिघडते’ हे म्हणणे मला मान्य नाही.

जावा पाकटाच्या बाबतीत आकडे नाहीत हे खरे. पण कारण ठरवताना केवळ आकडे पाहत नाहीत. जातीची शरीररचना, तिच्या नातलगांची वागणूक आणि तिच्या पाण्याचा इतिहास एकत्र ठेवून पाहतात. तो इतिहास थोडक्यात असा: आधी दाट वस्तीच्या किनाऱ्यालगत वाढत गेलेली मासेमारी, मग १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेले यांत्रिक ट्रॉल, त्यातून लहान मच्छीमारांशी झालेले तीव्र संघर्ष, आणि १९८० मध्ये इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने जावा व सुमात्राभोवती ट्रॉलवर घातलेली बंदी. पुढे तळ खरवडणारी ‘चांत्रांग’ जाळी त्या जागी पसरली आणि त्यांच्यावर २०१५ मध्ये वेगळी बंदी घालावी लागली, ती पुन्हा वादात सापडली. शिवाय जकार्ताच्या उपसागरात शहराचे सांडपाणी, कारखाने आणि किनाऱ्यावरचे भराव यांनी तळाची अवस्था वाईट केली. आययूसीएननेही अधिवासाच्या या ऱ्हासाचा उल्लेख मासेमारीच्या जोडीने केला आहे. मासेमारीला पहिले स्थान देण्याचे कारण जगाच्या पातळीवरही दिसते. २०२१ मध्ये शार्क, पाकटे आणि त्यांचे नातलग अशा १,१९९ जातींचे मूल्यांकन प्रसिद्ध झाले, त्यात ३९१ जाती धोक्यात आढळल्या. अतिमासेमारी हे संकट त्या सर्वच्या सर्व ३९१ जातींवर आहे, आणि सुमारे दोन तृतीयांश जातींवर तर तेवढे एकच संकट आहे.

हँडफिशविषयी एवढेच म्हणेन की, तिथे अडचण शोधाच्या अभावाची होती. त्या माशाच्या पाण्यात तो सापडावा अशा बेताने कोणी पुरेसे पाहिले नव्हते. जावाच्या बंदरांवर पाहिले गेले आहे. दोन्ही निर्णय बातमीत सारखे दिसले, तरी त्यांच्या तळाशी असलेले काम सारखे नाही.

रेवा:

सर्वांचे मनापासून आभार. काई बेटांच्या उदाहरणाने माझी पहिली शंका जवळजवळ मिटली, आणि डेकवरचा प्रसंग वाचून दुसरीचेही उत्तर मिळाले. ‘जिवंत सोडले’ हा रकाना मला बराच काळ आठवत राहील.

एकच गोष्ट अजून विचारायची आहे. बंदरावर रोज शेकडो पाकटे उतरत असतील तर त्यांत एखादे वेगळे पाकट दुसऱ्याच जातीचे समजून टोपलीत गेले, असे होऊ शकत नाही का? तपासणारा माणूस जावा पाकट नेमके कशावरून ओळखेल? आणि रोजच्या सरकारी नोंदींत अशा जाती वेगळ्या दिसतात का?

खोलपाणी:

ओळखण्याची खूण शेपटीत आहे. बाजारात येणाऱ्या बहुतेक पाकटांची शेपटी चाबकासारखी निमुळती होत जाते आणि टोकाला पर (कल्ला) नसतो. या कुळातल्या पाकटांची शेपटी आखूड असते आणि तिच्या टोकाला पानाच्या आकाराचा खराखुरा पर असतो. जावा पाकटाला त्याशिवाय शेपटीवर, विषारी काट्याच्या अगदी पुढे, एक छोटा पृष्ठपर होता. एवढे दिसले की तज्ज्ञाला दुसरे काही पाहावे लागत नाही.

पण आपल्या शंकेत तथ्य आहे, कारण नेमकी शेपटीच पुष्कळदा नसते. काटा लागू नये म्हणून मच्छीमार डेकवरच सुरीने शेपटी मुळाशी छाटून समुद्रात टाकतात, आणि ओळखीच्या दोन्ही खुणा तिच्याबरोबर जातात. मग अंगाच्या आकारावर भिस्त ठेवावी लागते. जावाच्या बाजारात सर्वांत जास्त दिसणारी निळ्या ठिपक्यांची छोटी पाकटे, म्हणजे निओट्रायगॉन, पतंगासारख्या चौकोनी आकाराची आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतात. जावा पाकट याच्या उलट, रुंदीपेक्षा लांबीला जास्त होते. शेपटी नसलेली दोन पाकटे शेजारी ठेवली तर सरावलेल्या डोळ्याला फरक कळेल. ढिगातल्या एकट्यादुकट्या पाकटात घाईच्या वेळी तो कळेलच असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दीपस्तंभ यांच्या आक्षेपाला मी इथे जागा देतो. मात्र जे अभ्यासक २००१ पासून बसले ते टोपल्या मोजायला बसलेले नव्हते. ते एकेक पाकट उलटसुलट करून पाहत, छायाचित्रे घेत आणि संशयास्पद नमुने संग्रहालयात पाठवत.

सरकारी नोंदींचे चित्र निराळे आहे. तिथे पाकटे जातीने नव्हे तर गटाने लिहिली जात आली आहेत. ‘पारी कंबांग’ हा एक शब्द घ्या. त्याच्याखाली चाबूकशेपटीच्या पाकटांचे जवळजवळ अख्खे कूळ एका आकड्यात येते. त्या आकड्यात झपाट्याने वाढणारी, लवकर वयात येणारी छोटी निओट्रायगॉन असतात, आणि त्याच आकड्यात मॅक्युलाबॅटिस गेरार्डी हे पांढऱ्या ठिपक्यांचे मोठे पाकटही असते, ज्याची आज लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंद आहे. मोठे पाकट कमी झाले आणि छोटी तेवढ्याच वजनाने वाढली, तर बेरीज तीच राहते आणि कागदावर काहीच घडलेले नसते. परदेशी व्यापाराच्या वाटेनेही या लहान पाकटांची माहिती मिळत नाही, कारण ती स्थानिक बाजारातच ताजी, खारवलेली किंवा धुरावलेली खपतात. मांटा, करवत मासा यांच्याप्रमाणे साइट्सच्या, म्हणजे धोक्यातील जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्टांत त्यांना जागा मिळालेली नाही.

म्हणून दीपस्तंभ, दार उघडे ठेवायचे असेल तर मी ते बंदरावर उघडे ठेवीन. नोंद घेणाऱ्याने पाकटाला हात लावण्याआधी शेपटीसकट एक छायाचित्र घ्यावे, आणि डेकवर शेपटी छाटावीच लागली तर ती बर्फात त्याच टोपलीत टाकून आणावी, एवढी विनंती मच्छीमारांना करता येईल. जावा पाकट त्यात मिळेल असे मला वाटत नाही. पण ‘पारी कंबांग’मधून आणखी कोणते पाकट हळूहळू कमी होते आहे, ते त्यात दिसेल.

दीपस्तंभ:

शेपटी छाटण्याचा मुद्दा मला माहीत नव्हता. माझे मत अजून ‘बहुधा नामशेष’ हेच आहे, पण शोधाची जागा बंदरच असावी हे मान्य करतो.